भुरीची सोयरीक

सन २०२४. मला एकोणसत्तरावं लागलं होतं. बाईंनी माझ्या सदऱ्याची बाही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली, उजेडात जरा तिरकी केली आणि म्हणाल्या, "डाग आहे, भाऊ."

"चहाचा आहे," मी म्हणालो.

"चहाचा असो की रंगाचा, डाग तो डाग. उद्या सकाळी सातला या. आधी पाणी, मग झाडू, मग खाणं. आणि ह्याला पिंजरा म्हणायचं नाही, खोली म्हणायचं."

अशी मला म्हातारपणी नोकरी लागली. सुरतेबाहेर पलसाण्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं, की एका बंद पडलेल्या मिलची जागा आहे. तिथे एका ट्रस्टने कुत्र्यांचं शेल्टर काढलं होतं. घरात बसून दिवसभर टीव्हीचा आवाज ऐकण्यापेक्षा कुत्र्यांचा आवाज बरा, म्हणून मी गेलो. पोरं नको म्हणाली. पोरांनी नको म्हटलं की मला ते करावंच लागतं.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्या भुसावळहून फोन करून म्हणतील, अक्षर वाकडं आलंय.

खरं सांगायचं तर आमची ओळख फार जुनी. मी पांडेसऱ्याला एका मिलमध्ये जेटवर होतो. जेट म्हणजे उकळत्या रंगात कापड फिरवणारं यंत्र. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण रंग डोळ्याने ओळखायचो, चिठ्ठी वाचायची गरज नाही. माझ्या हातचा रंग उतरत नाही असं सगळे म्हणत. आणि त्याच मिलमध्ये बाई चेकिंगच्या टेबलावर होत्या. सगळं कापड त्यांच्या हाताखालून जायचं. वडील रेल्वेत गँगमन, घर भुसावळकडचं, नवरा लवकर गेला, आणि नजर अशी की सहा मीटर साडीत एक धागा चुकला तर हात तिथेच थांबायचा.

एकदा माझा मोरपंखी रंगाचा लॉट त्यांनी परत पाठवला. मी परत रंगवला. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी स्वतः खांद्यावर कापडाचा ताका टाकून त्यांच्या टेबलावर नेऊन आपटला.

"कुठे आहे डाग? दाखवा!"

बाई ताक्याचं टोक धरून चालत बाहेर अंगणात गेल्या. मी मागे, कापड मध्ये लांबलचक, आणि आख्खं खातं खिडकीत. उन्हात त्यांनी कापड जरा तिरकं केलं. फिकट पट्टा होता, बोटभर रुंद. मला दिसला. मी म्हणालो, मला दिसत नाही. त्यानंतर अकरा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. बोललो असतो तर दिसला म्हणावं लागलं असतं.

तर ह्या त्याच बाई. शेल्टरमध्ये आम्ही दोघांनी एकमेकांना पहिल्या मिनिटाला ओळखलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

*

शेल्टरमध्ये गावठी कुत्री पुष्कळ होती, पण बाईंचं मुख्य काम वेगळं. मागच्या बाजूला पाच खोल्यांत ते रुंद छातीचे, दगडासारख्या डोक्याचे कुत्रे होते. पिटबुल आणि त्याच जातकुळीतले. त्या दिवसांत बातम्या येत होत्या की असे कुत्रे पाळायला बंदी येणार. मग म्हणे प्रकरण कोर्टात गेलं. आली, नाही आली, मला नीट कळलं नाही. लोकांनाही कळलं नव्हतं. पण ज्यांनी हौसेने आणले होते ते घाबरले आणि कुत्रे हायवेवर सोडून गाडी पळवली. ते सगळे आमच्याकडे.

तुम्ही म्हणाल, कुत्र्यावर माया करणारी बाई, म्हणजे मऊ असेल. अजिबात नाही. बाईंना कुत्र्याचा मुका घेताना मी कधी पाहिलं नाही. त्या म्हणायच्या, "हे वाईट नाहीत भाऊ. पण ह्यांचा जबडा बघा. गावठी कुत्र्याची चूक चार टाक्यांत भागते, ह्यांची भागत नाही. म्हणून ह्यांना कुठलंही घर चालत नाही."

घर मागायला येणाऱ्या माणसाला बाई 'स्थळ' म्हणायच्या. "आज दोन स्थळं येणार आहेत, अंगण नीट झाडा." पहिल्यांदा मला वाटलं, त्यांच्या नातीचं काही ठरतंय.

एक स्थळ आलं, दंड फुगवलेला तरुण, काळी मोठी गाडी, गळ्यात साखळी. त्याने आल्या आल्या कुत्र्याशेजारी उभं राहून आपला फोटो काढला.

"आंटी, ह्याची पिल्लं किती होतील?"

"एकही नाही. सगळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत."

"मग काय उपयोग?"

"तेच मी तुमच्याकडे बघून विचार करतेय," बाई म्हणाल्या.

दुसरं स्थळ बिल्डर. त्याला साइटवर बांधायला हवा होता. तिसरं एक फार चांगलं कुटुंब होतं, हसरं. घरात तीन लहान मुलं आणि काठी टेकत चालणारी आजी. त्यांना नाही म्हणताना बाईंचाच चेहरा पडला. पण त्यांनी नाहीच म्हटलं, आणि त्या कुटुंबाला आमची लंगडी गावठी कुत्री दिली. ती आजीच्या खाटेखाली आजही झोपते.

फाटकातून स्थळ बाहेर पडलं की बाई माझ्याकडे वळायच्या. "डाग आहे, भाऊ."

जे स्थळ इथे पास व्हायचं, त्याच्या घरी बाई जायच्या. मला बरोबर न्यायच्या. घर बघायची त्यांची रीत सांगतो, कारण ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. त्या सोफ्यावर बसायच्याच नाहीत. आधी गच्चीवर जायच्या, मे महिन्यात सावली कुठे पडेल ते बघायच्या. मग विचारायच्या, दुपारी दोन वाजता घरात कोण असतं? भिंत किती उंच आहे? फाटकाची कडी आपोआप बसते की लावावी लागते? बाहेर नेताना तोंडाला जाळी घालणार का, की लाज वाटते? आणि शेवटी म्हणायच्या, जरा पाणी मिळेल का.

मला वाटायचं, बाईंना तहान फार. एकदा त्यांनी सांगितलं. "घरातला माणूस पाणी कसं मागवतो ते बघायचं. बायकोवर खेकसला की उठायचं. बायकोवर खेकसतो तो कुत्र्याला लाथ घालतो. आणि हे कुत्रं लाथेला उत्तर देतं. मग बातमीत कुत्रं येतं, लाथ येत नाही."

दिल्यावरही काम संपायचं नाही. पंधरा दिवसांनी न सांगता जाऊन बघायचं, नीट ठेवलं नसेल तर घेऊन यायचं. कागदावर तशी सही घ्यायच्या. हे काम माझ्याकडे होतं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ह्यांचे मुऱ्हाळी." मी वरून कुरकुर केली. आतून मला ते पद मिलच्या मुकादमापेक्षा मोठं वाटलं. एका घरी भर उन्हात गच्चीवर बांधलेला कुत्रा सापडला, तर मी मालकाशी एक शब्द न बोलता त्याला सोडून रिक्षात बसवला आणि आणला. रिक्षावाला मात्र पूर्ण रस्ता माझ्याशी बोलला, एकटाच, देवाचं नाव घेत.

*

आता भुरी.

ती ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका आवारातून आली. रंग गव्हासारखा, छातीवर पांढरा ठिपका. साखळी मानेत रुतलेली. डॉक्टरांनी ती काढली तेव्हा भुरी ओरडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली. नाव मी ठेवलं, बाईंना न विचारता. त्यांनी वहीत तेच लिहिलं.

जवळजवळ तीन आठवडे ती खोलीच्या कोपऱ्यातून उठली नाही. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो आणि बोलायचो. काय बोलणार? माझ्या गावाचं, तिथल्या नदीचं, उन्हाळ्यात तिला पाणी राहत नाही त्याचं. "आमना गावले नदी शे, पन उन्हायामा पानी ऱ्हास नही." अहिराणीत. घरी आम्ही तीच बोलतो. विसाव्या की एकविसाव्या दिवशी माझ्या पाठीला काहीतरी गरम लागलं. तिचं नाक होतं. मी हललो नाही. माझा पाय झोपला, मुंग्या आल्या, तरी हललो नाही.

बाईंचा नियम होता, कुत्र्याला हिंदीत शिकवायचं. बैठ, रुक, इधर आ, छोड. का, तर कुणाच्या घरी जाईल सांगता येत नाही, आणि हिंदी सगळ्यांना येते. नियम बरोबर होता. मी मान डोलावली. आणि भुरीला मी अहिराणीतच शिकवलं. 'खाले बठ' म्हणजे खाली बस. 'आठे ये' म्हणजे इकडे ये. 'उगी राय' म्हणजे गप्प, जागेवर. 'सोडी दे' म्हणजे सोड. ज्या भाषेत ती कोपऱ्यातून उठली, ती सोडून मी तिला साहेबासारखं बैठ का म्हणू?

बाई जवळून गेल्या की मी मोठ्याने 'बैठ, बैठ' करायचो. त्या परीक्षा घ्यायच्या तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे उभा राहायचो. बाई म्हणायच्या बैठ, मी मागून हात खाली करायचो, भुरी बसायची. बाई म्हणायच्या, "छान शिकवलंत." ज्या नजरेने बोटभर पट्टा पकडला, त्या नजरेला मी चार महिने फसवलं. मला मोरपंखी लॉटची भरपाई झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस ट्रस्टचे शेठ आले. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. आजूबाजूचे तक्रार करत होते. ते बाईंना म्हणाले, भुरीला एका फार्महाऊसवाल्याने मागितलं आहे, राखणीला, देऊन टाका.

बाईंना तो फार्महाऊसवाला माहीत होता. त्याच्याकडून मागे आलेल्या एका कुत्र्याचा कान अर्धा नव्हता, तोंडावर जुन्या चाव्यांच्या खुणा होत्या. तिथे राखणीच्या नावाखाली काय झुंजी चालतात ते आम्हाला कळलं होतं.

"दोन महिने द्या," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांत मी तिला चांगलं घर देते."

"आणि नाही मिळालं तर?"

"मिळेल."

"नाही मिळालं तर सोमवारी त्याचा टेम्पो येईल," शेठ म्हणाले, आणि तारीख सांगून गेले.

पहिल्या महिन्यात नऊ स्थळं आली. मला वाटलं, बाई आता जरा हात सैल सोडतील. नवव्याला त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मी चिडलो. "बाई, फार्महाऊसपेक्षा हा बरा नव्हता का?"

"वाईटापेक्षा बरं म्हणून मी माल पास केला नाही कधी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे."

मोरपंखी लॉटचा तो पहिला उल्लेख. मी झाडू घेऊन मागे गेलो.

*

दहावं स्थळ कामरेजचं. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका आणि त्यांच्या काकी, दोघं गुजराती. मुलगी लग्न होऊन गेलेली, जुनी कुत्री म्हातारी होऊन गेलेली. घराला उंच भिंत. बाईंनी पाणी मागितलं तर काका स्वतः उठले, तीन पेले भरून आणले, आणि पहिला पेला काकींना दिला. "एने दवा लेवानी छे," म्हणाले. औषधाची वेळ झाली होती. बाई बाहेर आल्या आणि पूर्ण गल्ली संपेपर्यंत त्या घराकडे वळून वळून बघत राहिल्या. डाग सापडला नाही की त्यांना करमायचं नाही.

तरी त्यांनी अट घातली, चार रविवार शेल्टरला यायचं, भुरीबरोबर बसायचं. ते दोघं शटल रिक्षा बदलत यायचे. काका पुढे बाईंबरोबर लसी, परवाना, औषधं असल्या कागदांवर बसायचे. त्यांना कागद आवडायचे. काकी मागे माझ्याकडे यायच्या, उलट्या बादलीवर बसायच्या आणि मी भुरीला फिरवताना बघायच्या. बोलायच्या कमी. मला वाटायचं, झोप येते बिचारीला.

सगळं जमत आलं आणि काकांच्या सोसायटीला कळलं. पिटबुल! फोनवर फोन. बाईंना कायदा माहीत होता, सोसायटीला कुत्रं अडवता येत नाही हे त्या सांगू शकत होत्या. मी म्हटलं, सांगा ना मग.

"कायदा दाखवून आत घातलेल्या सुनेला शेजारी पाणी देतील का? रोज कुणीतरी खडा मारील. एक दिवस ही वळेल. नको. त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

सोसायटीच्या प्रमुखाने शेवटच्या रविवारी सकाळी नऊला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सोमवार, फार्महाऊसचा टेम्पो. त्याच्या आधी ही एकच सकाळ.

*

पाण्याच्या टाकीखाली पत्र्याची शेड होती, तिथे खुर्च्या मांडलेल्या. वीस-पंचवीस माणसं. बायका बाजूच्या ओट्यावर, पोरांना मागे धरून. भुरीच्या तोंडाला जाळी, अंगाला छातीचा पट्टा, डबल दोरी. बाईंनी मला सांगितलं, "तुम्ही फाटकापाशी आपल्या टेम्पोजवळ थांबा. आज तिला घरच्यांनीच सांभाळून दाखवायचं आहे." बरोबरच होतं. पण तिथे बाईंच्या पाठीमागे उभं राहून हात खाली करायला मी नव्हतो.

प्रमुख म्हणाले, "कोण संभाळशे?" काका छाती काढून पुढे झाले आणि काकींच्या हातातली दोरी घेतली. काकी ओट्यावर जाऊन बसल्या.

"बेस," काका गुजरातीत म्हणाले. बस.

भुरी उभी.

"बेस! बेटा, बेस!"

भुरीने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. उभीच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, हिंदीत. हिंदीत शिकवलंय तिला."

"बैठ!" काका ओरडले. एसटीचा आवाज तो, टाकीवरची कबुतरं उडाली. भुरी उभी. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "आ तो सांभळती ज नथी." ऐकतच नाही ही.

मी फाटकातून हात खाली करत होतो. वेड्यासारखा करत होतो. भुरीची माझ्याकडे पाठ होती. टेम्पोवाला मला म्हणाला, "काका, डास आहेत का?"

बाईंचा चेहरा मी लांबून बघितला. त्यांना काही समजत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा न समजणं बघितलं, आणि ते माझ्यामुळे होतं. आता चालत जायचं आणि पंचवीस माणसांत सांगायचं, की बाईंची चूक नाही, कुत्रीची नाही, ह्या म्हाताऱ्याने खोटं सांगितलं. मी पाऊल उचललं. खरंच उचललं होतं. पण पोचायच्या आत ते झालं.

मागच्या गल्लीतून एक गावठी कुत्रा भुंकत शेडमध्ये शिरला, सरळ भुरीच्या अंगावर. भुरी वळली आणि तिने झेप घेतली. काका दोन पावलं ओढले गेले, चप्पल निसटली, खुर्च्या पडल्या, बायका किंचाळल्या. दोरी काकांच्या मुठीतून सरकत होती.

आणि ओट्यावरून आवाज आला.

"उगी राय!"

काकी. जाग्यावरून हलल्या नव्हत्या. आवाज मोठासुद्धा नव्हता.

भुरी थांबली. हवेत उडी अर्धी सोडावी तशी थांबली. गावठी कुत्रा तिच्या नाकापाशी येऊन भुंकत होता, आणि ती थरथरत होती, पण जागेवर.

"खाले बठ, माय. खाले बठ."

भुरी बसली.

काकी उठून चार पावलं बाजूला गेल्या. "आठे ये." भुरी काकांना ओढत त्यांच्यापाशी गेली आणि पायावर पाठ टेकून बसली. गावठी कुत्र्याला काही मजा राहिली नाही, तो निघून गेला. पूर्ण शेडमध्ये फक्त टाकीतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज.

प्रमुखांनी हळूच विचारलं, "आ कई भाषा छे?"

"कूतरांनी," काकी म्हणाल्या. "ट्रेनिंगनी भाषा छे." आणि कमरेची पिशवी उघडून त्यांनी कॅलेंडरचा एक कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला गुजराती अक्षरांत माझे सगळे शब्द ओळीने लिहिलेले. चार रविवार बादलीवर बसून. ही मराठी नाही, हिंदी नाही, गुजराती तर नाहीच, मग शिकलेले लोक कुत्र्यांशी जी खास भाषा बोलतात ती हीच, असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या आईची भाषा! आणि काकांना सांगायला गेल्या तर काका म्हणाले होते, मला शिकवू नको, मी चाळीस वर्षं गाडी चालवली आहे.

पहिली हसली ती ओट्यावरची एक म्हातारी. मग सगळे. काका चप्पल शोधत म्हणाले, "हवे मने पण शिखवाड." मग मला पण शिकव आता. प्रमुखांनी स्वतः पुढे येऊन लांबून, वाकून, घाबरत म्हटलं, "खाले बठ." भुरी बसलेलीच होती. पण त्यांना वाटलं आपल्यामुळे बसली, आणि त्यांनी तिथल्या तिथे संमतीच्या कागदावर सही केली. त्यांच्यामागे आणखी अकरा सह्या झाल्या. एका बाईने तर विचारलं, आमच्या ह्यांच्यावर चालेल का ही भाषा?

त्या सगळ्या गोंधळात बाई हळूहळू वळल्या आणि फाटकाकडे, माझ्याकडे बघितलं.

मी टेम्पोचं चाक बघायला लागलो.

*

भुरीला कामरेजला ठेवून परत येताना टेम्पोत पुढे आम्ही दोघं. हायवे लागल्यावर बाईंनी विचारलं.

"हिंदीत शिकवलं होतंत ना, भाऊ?"

मी म्हणालो, "त्या मोरपंखी लॉटमध्ये पट्टा होता. मला दिसला होता."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात की काय. हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी, टेम्पोवाला वळून वळून बघतोय. मी त्यांना असं हसताना मिलमध्येही पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना. दोन म्हातारी माणसं पलसाण्यापर्यंत हसत आली. आमचं काम झालं होतं. सोमवारी फार्महाऊसचा टेम्पो येणार होता आणि त्याला रिकामं जावं लागणार होतं!

शेल्टरच्या फाटकाशी उतरताना त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळच्या गाडीने जातेय. उधन्याहून. मुलगी सहा महिने बोलावतेय भुसावळला. भुरीला उजवल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरवलं होतं."

"पुन्हा कधी?"

"आता तिकडेच. तिकडेही सोडतातच की लोक कुत्री."

मी मागच्या खोल्यांकडे हात केला. "आणि मागचे चार?"

"तुम्ही आहात. शेठना सांगितलंय मी, ते चौघांनाही ठेवून घेतील. घर बघायची रीत तुम्हाला येते." मग थांबल्या. माझ्या बाहीकडे हात गेला, पण नुसतं झटकलं काहीतरी. "फक्त एक. काकी एकच असते, भाऊ. चौघांना चार काकी मिळणार नाहीत. आणि स्टेशनवर येऊ नका. सातला पाणी द्यायचं असतं."

त्या चालत हायवेकडे गेल्या. पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने पदर धरलेला, मागे न बघता. मालाची शेवटची गाडी पास करून घरी निघालेल्या चेकरसारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पाणी दिलं. झाडलं. खाणं दिलं. शेठचा फोन आला, फार्महाऊसवाला चिडलाय, तर मी म्हणालो, चिडू द्या. मग मागच्या दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. त्यात एक काळा, बुटका, मोठ्या डोक्याचा नर होता. आठ महिने त्यालाही मी खाले बठ, खाले बठच केलेलं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

सत्तेचाळीस वर्षं मी सुरतेत आहे. गुजराती सगळी समजते. बोललो नाही कधी, बाजारात नाही, मिलमध्ये नाही, मालकासमोर नाही. का बोलू? त्यांना समजत होतंच की माझं. पण त्या शेडमध्ये काकांच्या तोंडून आधी बेसच निघालं होतं.

आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं, घसा साफ केला, आणि कुत्र्याला म्हणालो, "बेस."

त्याने मान वाकडी केली.

"बेस, भाई," मी म्हणालो. "बेस."